पुढची खाच

भीती वाटली की लोकांना थंडी वाजते म्हणे. मला घाम फुटतो आणि तोंड सुटतं. समोर कोणी असो-नसो, मी बोलतच राहते. त्या दुपारी मी एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरशी अर्धा तास बोलत होते. विनवण्या केल्या, शिव्या दिल्या, वर त्याच्या सात पिढ्यांची उधारी काढली. शेजारी माझी सासू उभी होती. तिनं त्यातलं काय काय ऐकलं, हे मला वर्षभरानं कळलं.

आमचं कृषी केंद्र वरवट बकालला, रस्त्याला लागूनच. बियाणं, खत, फवारणीची औषधं. मी मेहकरची, म्हणजे घाटावरची. लग्न होऊन घाटाखाली आले तेव्हा सासरच्यांनी पहिलं वर्ष माझ्या बोलण्याला हसण्यात घालवलं. धाकटा दीर तर नकलाच करायचा. "वहिनी, तुम्ही घाटावरचे लोक बोलता कमी अन भांडता जास्त," असं म्हणायचा. मी म्हणायचे, "भाऊजी, तुमच्याशी बोलण्यापेक्षा भांडणं सोपं जातं." घरात माझं खरं जमायचं ते त्याच्याशीच. जेवताना माझ्या ताटातली हिरवी मिरची उचलून न्यायचा, मी ओरडायचे, आणि आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई म्हणायच्या, "खाऊ दे वं, लहान हाय तो." दोन लेकरांचा बाप झाला होता, तरी तो लहानच.

माहेरी असताना मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. तेवढ्यावर नवऱ्यानं मला दुकानातल्या कॉम्प्युटरपुढं बसवलं. बिलं मी करायची, मालाची नोंद मी ठेवायची. हळूहळू सल्लाही मीच द्यायला लागले, कारण बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा नसलेलं माणूस दुकानात मी एकटीच होते. पन्नाशीचे बाप्ये हातात कपाशीची फांदी घेऊन माझ्यासमोर उभे राहायचे आणि विचारायचे, "बाई, काय मारू?" खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. सासरच्या गावात, डोक्यावरचा पदर सावरत मी चार माणसांना शेती शिकवत होते.

बीटीचं बियाणं विकताना आम्हीच सांगितलं होतं की ह्या कपाशीला अळी लागत नाही. काही वर्षं ते खरंही ठरलं. मग लोक दुकानात डोमकळ्या घेऊन यायला लागले. डोमकळी म्हणजे नीट न उमललेलं, पाकळ्या आवळून बसलेलं फूल. उघडलं की आत गुलाबी अळी. बोंडं बाहेरून हिरवीगार, फोडली की आत किडका कापूस. अळी आत आणि औषध बाहेर, मग ती मरणार कशी? फवारे मारून मारून लोक थकले. तेव्हा एका औषधात दुसरं मिसळायची रीत पडली. बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं असायचं, इतर औषधात मिसळू नये. मी ते वाचलेलं होतं. वाचूनसुद्धा मिसळायला सांगत होते, कारण एकट्यानं गुण येत नव्हता आणि गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवणं माझ्या जिवावर यायचं.

माझी एक सवय होती. लोक घरी जाईपर्यंत प्रमाण विसरायचे, म्हणून बिलाच्या तळाशी शेऱ्याच्या जागेत मी सगळं लिहून द्यायचे. एका पंपाला किती टाकायचं, कशात काय मिसळायचं, तोंडाला फडकं बांधायचं, वाऱ्याच्या विरुद्ध उभं राहायचं नाही. प्रत्येक बिलाची एक प्रत कॉम्प्युटरमध्ये त्या त्या तारखेच्या फोल्डरात जाऊन बसायची. घरच्या माणसानं माल नेला तरी बिल करायचं, हा नवऱ्याचा नियम. घरच्या बिलासाठी कागद वाया घालवायचा नाही, हा नियमही त्याचाच.

दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. त्या सकाळी लाइट एकदम जास्त दाबानं आली आणि गेली, पंखा गरगरून थांबला, आणि त्यानंतर कॉम्प्युटर काही सुरू झाला नाही. बटण दाबलं की काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांची एक ओळ, बस. मी चाचांना फोन लावला. चाचा आमचे मेकॅनिक. त्यांच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, चाचांनी रेडिओ केले, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. मागच्या वेळी आले तेव्हा एक पेनड्राइव्ह माझ्या ड्रॉवरमध्ये टाकून गेले होते. "ह्याच्यात लिनक्स भरून ठेवलं, बेटी. तुमचं विंडोज झोपलं तरी ह्याच्यावर मशीन उभी राहते. आपला माल बाहेर काढता येते." आज ते अकोटला लग्नात होते. म्हणाले, संध्याकाळी येतो. मी म्हटलं, या सावकाश. हातानं चिठ्ठ्या लिहायला मला काही जड जात नव्हतं.

बाराच्या सुमाराला शेजारच्या शेतवाल्यानं भाऊजींना मोटरसायकलवर मागं बसवून, दुपट्ट्यानं स्वतःच्या पाठीला बांधून आणलं. तोंडातून लाळ गळत होती. अंगावरचा सदरा औषधानं ओला होता. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती. आत शिरून फवारलं की तुषार परत आपल्याच तोंडावर पडतात. तो माझ्याकडं बघत होता, पण मला ओळखत नव्हता. आम्ही दोघी-तिघींनी त्याचे कपडे काढले, साबणानं अंग धुतलं, आणि जीपमध्ये घालून शेगावच्या दवाखान्यात पाठवलं. सोबत माझी जाऊ गेली, त्याची बायको. आत्याबाईंना बीपीचा त्रास, त्यांना आम्ही गाडीत बसू दिलं नाही. नवरा मालासाठी अकोल्याला गेला होता आणि गोदामात गेला की त्याचा फोन लागत नसे. म्हणून दुकानात मी आणि आत्याबाई, दोघीच उरलो.

सव्वादोनला जावेचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं, तिच्या हातून डॉक्टरांनी फोन घेतला. त्यांनी विचारलं, काय फवारलं? पहिलं औषध मला पक्कं माहीत होतं. लाल त्रिकोणाची, म्हणजे सगळ्यात जहाल विषाची बाटली, त्या आठवड्यात सगळ्यांनीच नेली होती. मी नाव सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "ते मला लक्षणांवरून कळलंच होतं, त्याची इंजेक्शनं सुरू केली आहेत. पण याला आता झटके येताहेत आणि ते त्या औषधाशी जुळत नाहीत. सोबत दुसरं काहीतरी आहे. काय होतं?"

आणि मला आठवेना.

त्या आठवड्यात मी तीन वेगवेगळी औषधं त्या लाल बाटलीसोबत मिसळायला सांगितली होती. कोणाला हे, कोणाला ते, ज्याच्या फांदीवर जे दिसेल तसं. रोज तीस-चाळीस माणसं. भाऊजी कधी आला, फळीवरच्या कोणत्या बाटलीवर मी बोट ठेवलं, काहीच डोळ्यापुढं येईना. आठवत होतं ते एवढंच, की जाता जाता त्यानं काउंटरवरच्या माझ्या डब्यातली मिरची उचलली होती. मी तीनही नावं सांगितली. डॉक्टर म्हणाले, "बाई, या तिघांचे इलाज वेगळे आहेत. अंदाजावर एखादी सुई दिली आणि चुकली तर पेशंट हातचा जाईल. बिल बघा, बाटली बघा, मला नक्की नाव पाहिजे. लवकर."

शेजारच्या शेतवाल्याला फोन करून विचारलं तर तो म्हणाला, "लिंबाखाली बाटल्यांचा ढीग पडेल हाय, सालभराच्या. आजची कोनती, मले काय माहीत?"

राहिलं बिल. आणि बिल त्या बंद कॉम्प्युटरच्या डब्यात होतं.

दुकानात दोन फोन होते. आत्याबाईंचा साधा बटणांचा, त्यावर जाऊ होती. तो मी त्यांच्याच हातात दिला आणि म्हटलं, कापू नका, कानाला लावून ठेवा. माझ्या मोबाइलवरून चाचांना लावला. मागं सनई वाजत होती. मी काय बोलले मला आठवत नाही, पण त्यांना एका वाक्यात कळलं असावं, कारण सनईचा आवाज लांब गेला. ते म्हणाले, "बेटी, मी हितून निघालो तरी दीड घंटा लागते. तूच कर. पेनड्राइव्ह हाय ना?"

"आहे."

"लाव. मशीन चालू कर अन लगेच एफ-बारा दाबत राह्य. यादी येईन. त्याच्यात पेनड्राइव्हचं नाव दिसन, त्याच्यावर एंटर."

तीन वाजता लोडशेडिंग होतं. यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती. भिंतीवरच्या घड्याळात दोन पंचवीस झाले होते.

मी पेनड्राइव्ह डब्याच्या पुढच्या खाचेत घातला. नेहमी तिथंच घालायचे मी. किंचित अडकल्यासारखा झाला, जरा जोर लावला, बसला. बटण दाबलं, एफ-बारा दाबत राहिले. यादी आली. त्यात हार्ड डिस्कचं नाव होतं, सीडीचं होतं, आणखी काहीतरी नेटवर्कचं होतं. पेनड्राइव्हचं नव्हतं.

"नाहीये चाचा."

"नीट पाह्य."

"तीनच नावं आहेत हो. नीट काय पाहू?" मी त्यांच्यावर ओरडले. एवढ्या मोठ्या माणसावर. ते म्हणाले, आता डिलीट दाबून सेटिंगमध्ये जाय. निळा पडदा आला. तिथं माउस चालत नव्हता, बाणाच्या बटणांनी जायचं होतं, आणि माझी बोटं एकाऐवजी दोन बटणं दाबत होती. ते सांगत गेले, मी वाचत गेले. सिक्युअर बूट नावाची ओळ होती, ती बंद करायला लावली. लेगसी म्हणून काहीतरी होतं, ते चालू करायला लावलं. चुकून मी भलत्याच ओळीवर गेले, परत आले. इकडं आत्याबाई फोन कानाला लावून उभ्या होत्या आणि अधूनमधून फक्त "हाव," "हाव माय" एवढंच म्हणत होत्या. पलीकडून जाऊ काय सांगत होती ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

सेव्ह केलं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. पुन्हा यादी. पुन्हा तीनच नावं.

इथं एक गोष्ट सांगायची आहे, जी मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेली नाही. त्या यादीत दुसऱ्यांदाही तीनच नावं दिसली तेव्हा आत कुठंतरी मला हायसं वाटलं. कारण बिल उघडलं असतं तर त्याच्या तळाशी माझा शेरा असणार होता. काय मिसळायचं ते मीच लिहिलेलं असणार होतं. पडदा काळा राहिला असता तर कोणाला कधीच कळलं नसतं की भाऊजीला ते कोणी सांगितलं. असा विचार माझ्या मनात आला. तिकडं त्याला झटके येत होते आणि इकडं मी आपली कातडी वाचवत होते. त्या विचाराची मला जेवढी भीती वाटली तेवढी त्याच्या लाळेचीसुद्धा वाटली नव्हती. मी बटणावर एवढ्या जोरात मूठ मारली की आत्याबाई दचकल्या.

"चालू हो ना रे मेल्या," मी कॉम्प्युटरला म्हटलं. "तुझा मुडदा बसवला. चालू हो, पाया पडते तुझ्या."

"बेटी," चाचा फोनवर म्हणाले, "पेनड्राइव्हचा लाइट लागून राह्यला का?"

मी वाकून पाहिलं. पेनड्राइव्हच्या टोकाला एक बारीक हिरवा दिवा होता. तो विझलेला होता.

"नाही."

"मंग त्याच्यात करंटच नाई जात. काहाडून पाह्य. खाचेत कचरा गिचरा हाय का?"

मी पेनड्राइव्ह उपसला. त्याचं टोक लाल होतं. एका क्षणाला मला ते रक्तच वाटलं. मोबाइल काउंटरवर ठेवला, स्पीकर लावला, ड्रॉवरमधली बॅटरी काढली आणि खाचेत उजेड पाडला. आत लाल चिखल वाळून बसला होता. त्यात तांदळाचा एक दाणा होता. दोन मुंग्या उजेड पाहून इकडं तिकडं पळाल्या.

दर दसऱ्याला आत्याबाई दुकानातल्या सगळ्या अवजारांची पूजा करतात. वजनकाटा, फवाऱ्याचा पंप, कात्री, आणि कॉम्प्युटर. कुंकू पाण्यात कालवून बोटानं लावायचं, अक्षता, झेंडूचं फूल. चाचांना आणि मला त्या खाचेत काही ना काही घालताना त्यांनी पाहिलेलं होतं, म्हणून त्यांच्या लेखी ते यंत्राचं तोंड. सहा वर्षं त्या कुंकवाचं बोट तिथंच लावत होत्या आणि वर चिमूटभर साखर तोंडात भरवत होत्या. मी दर वर्षी पाहत होते. पहिल्या वर्षी मला हसू आलं होतं. भाऊजी म्हणाला होता, "वहिनी, त्याले पानी बी पाजा मंग." आम्ही दोघंही हसलो होतो. त्यांना थांबवायचं कोणाच्याच मनात आलं नाही. त्या वर्षीचा दसरा तर नुकताच झालेला.

"चाचा," मी म्हटलं, "आत कुंकू आहे."

"क्या?"

"कुंकू आहे हो. साखर आहे. पूजेचं. सगळं आत जाऊन बसलंय."

चाचा मग म्हणाले, "हात नको लावू तिथं. मागच्या बाजूले खाचा हाय, तिथं लाव."

मागची बाजू भिंतीला होती. टेबल आणि भिंतीच्या मध्ये नवऱ्यानं युरियाची पोती रचली होती. घड्याळात दोन अडतीस झाले होते. मी एका पोत्याला हात घातला, ते तसूभर हललं नाही. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं आत्याबाईंनी धरलं. फोन त्यांनी खांदा आणि कानाच्या मध्ये दाबून धरला होता. साठी उलटलेली बीपीची बाई, आणि पन्नास किलोचं पोतं. मी म्हटलं, राहू द्या, तर त्या म्हणाल्या, "ओढ." आम्ही दोन पोती ओढली. मी त्या फटीत गुडघ्यावर शिरले, डोक्याला जाळं लागलं, बॅटरी तोंडात धरली आणि चाचपडत मागची खाच शोधली. पेनड्राइव्ह पदराला पुसून घातला. सहज बसला.

बाहेर येऊन बटण दाबलं. हिरवा दिवा आता मागं होता, मला दिसत नव्हता. यादी आली. चार नावं होती.

"आलं का?" चाचांनी विचारलं. मी एंटर दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकायला लागल्या. मध्येच थांबल्या. त्या थांबल्या तेवढ्या वेळात मी कोणाकोणाला नवस बोलले, ते फेडायला मला पुढं दोन वर्षं लागली. मग एक अनोळखी पडदा आला, आमच्यापेक्षा वेगळ्या रंगाचा, वेगळ्या चित्रांचा. परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटलं. चाचांनी डिस्कचं चित्र कुठं असेल ते सांगितलं. उघडताना त्यानं एक चौकट दाखवली, फक्त वाचता येईल, बदल करता येणार नाही. मी घाबरून ती चाचांना वाचून दाखवली.

"आपल्याले वाचाचंच हाय ना? मंग झालं."

फोल्डर सापडलं. त्या आठवड्याच्या तारखा एकेक करून उघडल्या. भाऊजींच्या नावाचं बिल सापडलं. त्याच्यावर बाण नेऊन ठेवला आणि माझा हात थांबला. किती वेळ थांबला असेल? फार तर एक श्वास. पण थांबला.

मग उघडलं. पहिली ओळ, लाल त्रिकोणाचं औषध. दुसरी ओळ, दुसऱ्या औषधाचं नाव. खाली शेरा, माझ्याच भाषेत: दोन्ही मिळून, एका पंपाला इतकं. आणि तेवढंच. त्याच दिवसाच्या वरच्या-खालच्या बिलांमध्ये मी लिहिलेलं होतं, तोंडाला फडकं बांधणे, वारा पाहून फवारणे. भाऊजींच्या बिलात ती ओळ नव्हती. घरच्या माणसाला काय सांगायचं, त्याला सगळं माहीत असतं, असं वाटलं असेल मला. किंवा मी त्याच्याशी मिरचीवरून भांडत असेन.

आत्याबाईंच्या हातून फोन घेतला. डॉक्टरांना दुसरं नाव सांगितलं. त्यांनी अक्षरं सांगायला लावली, मी एकेक अक्षर वाचलं. ते म्हणाले, "ठीक आहे, कळलं," आणि फोन बंद झाला. शेरा मी त्यांना वाचून दाखवला नाही. त्यांनी विचारलाही नव्हता.

पंधरा मिनिटांनी लाइट गेली. पडदा विझला, पंखा थांबला, आणि आम्ही दोघी त्या ओढलेल्या पोत्यांवर बसून राहिलो.

भाऊजी वाचला. शेगावहून अकोल्याला नेलं, आठ दिवस तिथं होता, त्यातले तीन दिवस नळ्या लावलेल्या होत्या. डॉक्टर नवऱ्याला म्हणाले की दुसरं नाव वेळेवर कळलं म्हणून जमलं. घरी आला तेव्हा त्याच्या बोटांना कंप होता. तो अजून आहे. सदऱ्याची बटणं त्याची बायको लावून देते. माझ्या ताटातली मिरची तो आता उचलत नाही, उचलताना हात हलतो हे सगळ्यांना दिसतं म्हणून असेल. मीच त्याच्या ताटात ठेवते. त्यानं औषधाबद्दल मला एक शब्द कधी विचारला नाही. मी नवऱ्याला औषधांची नावं सांगितली, ती मिसळायला कोणी सांगितलं होतं ते सांगितलं नाही.

चाचा दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. विंडोज परत उभं केलं. पुढची खाच दात घासायच्या जुन्या ब्रशनं खरवडली, त्यांचा रुमाल लाल झाला. मी म्हटलं, चाचा, आत्याबाईंना हे कळू देऊ नका, जीव देतील त्या. ते म्हणाले, "मी कायले सांगू बेटी." ती खाच मेलेलीच होती, तिच्यात परत कधी करंट आला नाही. ते गेल्यावर मी ते बिल उघडलं आणि शेरा पुसला. नुसता पुसला नाही, फोल्डरातली प्रतही काढून टाकली. कोणी मागणार नव्हतं, कोणाला संशय नव्हता, तरी काढली. त्यानंतर प्रत्येक बिलावर मी सगळ्यात आधी फडक्याची ओळ लिहायला लागले. फवाऱ्याच्या दिवसांत दुकानातला फोन वाजला की माझा हात पहिल्यांदा पदराकडं जातो, घाम पुसायला.

पुढचा दसरा आला. आत्याबाई ताट घेऊन दुकानात आल्या. त्यांनी पंपाला कुंकू लावलं, कात्रीला लावलं आणि कॉम्प्युटरसमोर आल्या. मी उगाच मध्ये उभी राहिले. काय सांगून अडवावं ते सुचत नव्हतं. त्यांनी मला हातानं बाजूला केलं, बोट कुंकवात बुडवलं आणि टेबलाच्या लाकडावर, डब्यापासून हातभर लांब टेकवलं.

"हितं लावते," त्या म्हणाल्या. "हितून आत नाई जात."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच तं सांगून राह्यली होती चाचाले. आत कुंकू हाय, साखर हाय. मी का बहिरी हाय?" त्यांनी झेंडूचं फूल टेबलावर ठेवलं. "सालभर झालं, तू कोनाले बोलली नाई. माह्या लेकालेबी नाई."

मला वाटलं, आता सांगावं. आता नाही सांगितलं तर जन्मात सांगणार नाही. "आत्याबाई, ते औषध," मी सुरुवात केली.

"माहीत हाय मले." त्यांचा आवाज चढला नव्हता. "पंप घेऊन निंघाच्या आधी घरी भाकर खाल्ली त्यानं. म्हने, वहिनीनं दोन्ही मिळून माराले सांगतलं, आता अळी राह्यत नाई. मी म्हनलं, तोंडाले फडकं बांधजो. तं म्हने, वहिनीनं तं तसं काई सांगतलं नाई."

ताटात चिमूटभर साखर होती, कॉम्प्युटरसाठी आणलेली. ती त्यांनी उचलून माझ्या तळहातावर ठेवली.

"मी बी कोनाले बोलली नाई," त्या म्हणाल्या आणि ताट घेऊन वजनकाट्याची पूजा करायला गेल्या.

दारात गिऱ्हाईक उभं होतं. हातात कपाशीची फांदी. "बाई, काय मारू?" त्यानं विचारलं. साखर माझ्या मुठीत ओली व्हायला लागली होती. घाम फुटला होता, आणि तोंडातून एक शब्द निघत नव्हता.